थोराड पिल्लाची घडण : आहारापासून वळणापर्यंतच्या वादांचा आढावा

ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा अर्ध्या-पाऊण किलोचे असते. दीड वर्षात तेच पिल्लू साठ-सत्तर किलोंवर जाते, म्हणजे जन्माच्या वजनाच्या जवळपास शंभरपट. माणसाच्या मुलाला वीसपट व्हायला अठरा वर्षे लागतात. सेंट बर्नार्ड, मास्टिफ, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर, आयरिश वुल्फहाउंड, कॉकेशियन शेफर्ड यांचीही गत थोड्याफार फरकाने हीच. पूर्ण वाढीनंतर ज्यांचे वजन ४५-५० किलोंच्या पुढे जाते, अशा थोराड जातींना पशुवैद्यक आता इतर कुत्र्यांपासून वेगळे काढतात. आहार, व्यायाम, शस्त्रक्रिया, शिकवणी या बाबतींत लॅब्रॅडॉर किंवा पॉमेरेनियनचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात ही पिल्ले आता फ्लॅटमध्ये वाढताना सर्रास दिसतात. पिल्लू घरी येण्याच्या आधीपासून सल्ल्यांचा भडिमार सुरू होतो. विकणारा कॅल्शियम चालू करा म्हणतो, डॉक्टर थांबा म्हणतात. एक शिक्षक सहा महिन्यांनंतर शिकवायला घेतो, दुसरा आठव्या आठवड्यापासून. कोणी रोज पाच किलोमीटर पळवा सांगतो, कोणी जिनाही चढू देऊ नका. यातल्या कशामागे पुरावा आहे, कशामागे केवळ परंपरा आणि कुठे जाणकारांतच खरा मतभेद आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू. वाद वरवर पाहता वेगवेगळे वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. या पिल्लांचे वजन फार लवकर येते, हाडे फार उशिरा पक्की होतात आणि जगाशी ओळख करून घेण्याचा मनाचा काळ या दोन्हींच्या आधीच सरतो.

कामाच्या कुत्र्यापासून फ्लॅटपर्यंत

या जाती शोभेसाठी घडलेल्या नाहीत. ग्रेट डेनचे जर्मन पूर्वज रानडुकराच्या शिकारीसाठी पाळले जात. सेंट बर्नार्ड आल्प्सच्या खिंडीतल्या मठात वाटसरूंच्या कामी येई. न्यूफाउंडलंड मच्छीमारांबरोबर जाळी ओढी, तर अनातोलिया आणि कॉकेशसमधले राखणदार कुत्रे मेंढरांच्या कळपातच वाढत. आकाराचे गूढ विज्ञानाला अलीकडेच थोडे उलगडले. कुत्र्यांच्या लहानमोठेपणात आयजीएफ-१ या एका जनुकाचा वाटा फार मोठा असल्याचे २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या इतिहासातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. कामाच्या जागी वाढणाऱ्या पिल्लाला बेताचे खाणे, मऊ आणि ओबडधोबड जमीन आणि पहिल्या दिवसापासून माणसे-जनावरांचा राबता मिळत असे. फ्लॅटमध्ये नेमके उलटे घडते. खाणे भरपूर, फरशी गुळगुळीत आणि लसीकरण पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पाऊल नाही. पुढच्या बहुतेक संशोधनाने या तीन गोष्टींनाच हात घातला आहे.

वाटीतला प्रश्न

थोराड पिल्लांच्या आहारावरचा पहिला गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झाला. १९७४ मध्ये हेडहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. ग्रेट डेनच्या काही पिल्लांना हवे तेवढे खाऊ दिले आणि त्यांच्या जोडीदारांना त्याच्या सुमारे दोन तृतीयांश. पोटभर खाणारी पिल्ले झपाट्याने वाढली, पण हाडांचे आणि सांध्यांचे विकार त्यांच्यातच अधिक दिसले. 'जेवढे गुटगुटीत तेवढे निरोगी' ही आपल्याकडे मुलांच्या बाबतीतही मुरलेली समजूत या प्रयोगाने मुळापासून हलवली.

त्यानंतर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हाझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून ग्रेट डेन पिल्लांवरच कॅल्शियमचा अभ्यास केला. वाढ पूर्ण झालेले कुत्रे आणि मोठी माणसे गरजेपुरते कॅल्शियम आतड्यातून शोषतात आणि उरलेले बाहेर टाकतात. लहान पिल्लांत हा ताबा अजून आलेला नसतो. जेवढे पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा अंगात शिरतो. शरीर मग ते कॅल्शियम हाडांत साठवत राहते आणि हाडांची झीज-भर करून त्यांना आकार देण्याचे नेहमीचे काम मंदावते. कूर्चेचे हाडात रूपांतर अडते, पुढच्या पायांची हाडे वाकतात, सांध्यांतल्या कूर्चेला चिरा पडतात. कॅल्शियम फार कमी पडले तरी हाडे ठिसूळ होतात. सुरक्षित पट्टा दोन्ही बाजूंनी अरुंद आहे, आणि थोराड पिल्लांत तो सर्वांत अरुंद.

आपल्याकडच्या एका सवयीशी याचा थेट संबंध आहे. पिल्लू घरी आले की पहिल्याच आठवड्यात कॅल्शियमच्या सिरपची बाटली येते. पिल्लांसाठी बनवलेल्या तयार खाद्यात कॅल्शियम पुरेसे असतेच. वर सकाळ-संध्याकाळ चमचा-चमचा सिरप, शिवाय दूध आणि पनीर. चार-पाच महिन्यांचे पिल्लू उभे राहिले की पुढचे पाय मनगटापाशी आत झुकलेले दिसतात, पंजे बाहेर वळलेले, बोटे फाकलेली. मालकाला वाटते कॅल्शियम कमी पडले. तो चमच्याचा दीड चमचा करतो. वाकलेल्या पायांची कारणे अनेक असतात, अशक्तपणा आणि घसरडी फरशीही त्यांत येते. त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करावे. पण संतुलित तयार खाद्यावर असलेल्या पिल्लाला वरून कॅल्शियम देऊ नये, याबाबत आहारतज्ज्ञांत आज मतभेद उरलेला नाही. अमेरिकेतली खाद्य-मानके ठरवणारी आफ्को ही संस्था पूर्ण वाढीनंतर ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलोंच्या पुढे जाणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा शुष्क वजनाच्या १.८ टक्के धरते. इतर पिल्लांसाठी ती २.५ टक्के आहे.

प्रथिनांची गोष्ट वेगळी निघाली. जास्त प्रथिनांनी पिल्लू फार वेगाने वाढते आणि हाडे बिघडतात, ही समजूत अनेक वर्षे टिकून होती. आजही तिच्यापायी अंडी-मटण बंद केले जाते. उट्रेख्तमध्येच १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्रेट डेन पिल्लांना सुमारे १५ ते ३२ टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या प्रमाणात प्रथिने दिली. जास्त प्रथिनांचा हाडांवर वाईट परिणाम आढळला नाही. घातक ठरतात ते एकूण जास्तीचे उष्मांक आणि जास्तीचे कॅल्शियम.

लॅब्रॅडॉरवरचा एक प्रसिद्ध अभ्यासही इथे पुन:पुन्हा पुढे येतो. एकाच वेताच्या जोड्या लावून ४८ कुत्र्यांपैकी निम्म्यांना जन्मभर २५ टक्के कमी खाऊ घातले. त्यांच्यात खुब्याचे विकार कमी आढळले आणि आयुष्य जवळपास दोन वर्षांनी वाढले. लॅब्रॅडॉर थोराड नाही. तरीही पिल्लू सडसडीत ठेवावे हा निष्कर्ष बहुतेकांनी स्वीकारला आहे. त्याची कसोटी घरीच घेता येते. दोन्ही हातांचे तळवे बरगड्यांवर सपाट ठेवून हलकेच मागेपुढे फिरवावेत. दाब न देता एकेक बरगडी बोटाला लागली पाहिजे, पण डोळ्यांना ठळक दिसता कामा नये. वरून पाहताना बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी. पाच महिन्यांचा असा डेन सोसायटीतल्या लोकांना उपाशी वाटतो, आणि मालकाला तसे ऐकून घ्यावे लागते.

खरा वाद उरतो तो तयार खाद्य की घरचे अन्न याचा. तयार खाद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की थोराड पिल्लासाठी कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ घरच्या स्वयंपाकात बसवणे अवघड आहे. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फारच कमी पडते, दूध-पोळीत मेळच नसतो. घरच्या अन्नाचे समर्थक खर्चावर बोट ठेवतात. वाढत्या डेनच्या महिन्याच्या खाद्याचे बिल मध्यमवर्गीय घराला जड जाते. शिवाय गोदामात उन्हाळाभर पडून राहिलेल्या पोत्यांचा ताजेपणा कोण तपासतो, असा त्यांचा सवाल असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. घरचे अन्न द्यायचेच असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून वजनाप्रमाणे बदलणारा तक्ता करून घ्यावा, हा मध्यममार्ग आहे. मात्र असे तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर मोजकेच भेटतात.

जिने, फरशी आणि पाच मिनिटांचा नियम

थोराड कुत्र्यांच्या हाडांची वाढीची टोके बंद व्हायला पंधरा-अठरा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. लहान जातींत हे काम आठ-दहा महिन्यांत उरकते. तोवर पिल्लाला किती चालवायचे? सर्वांत लोकप्रिय उत्तर 'महिन्याला पाच मिनिटे', म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी वीस मिनिटे. हा नियम जगभर सांगितला जातो, पण तो कोणत्याही प्रयोगातून निघालेला नाही. सावधगिरीचा अंदाज एवढेच त्याचे मोल.

पुरावा शोधायचा तर नॉर्वेतला अभ्यास महत्त्वाचा आहे. क्रोंटव्हाइट आणि सहकाऱ्यांनी न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर, आयरिश वुल्फहाउंड आणि लॅब्रॅडॉर अशा चार जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा जन्मापासून पाठपुरावा केला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या विकाराचा धोका वाढलेला आढळला. उलट याच वयात हलक्या चढउताराच्या, मऊ जमिनीवर पट्ट्याविना बागडणाऱ्यांत तो कमी होता. शेतावर जन्मलेली पिल्लेही सरस ठरली. म्हणजे वाढत्या पिल्लाला हालचाल हवीच, पण ती त्याच्या मर्जीने, थांबण्याची मुभा असलेली आणि मातीवर. डांबरी रस्त्यावर मालकाच्या वेगाने, स्कूटरच्या मागे किंवा चेंडू पुन:पुन्हा फेकून केलेली पळवापळवी ही वेगळी गोष्ट आहे. या फरकावर डॉक्टर आणि शिक्षक बऱ्यापैकी एकमताचे दिसतात.

आपल्या घरांत सर्वांत दुर्लक्षित राहते ती फरशी. व्हिट्रिफाइड टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय रोज शंभरदा फाकतात. पिल्लू येण्याआधीच्या यादीत महागड्या पलंगाऐवजी दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट किंवा जाड सतरंजीची वाट आधी लिहावी. लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या कुटुंबाने या प्रश्नाचे उत्तर पिल्लू आणण्याआधीच शोधावे, कारण चौथ्या महिन्यात ते उचलून नेणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यात राहत नाही.

आधी लस की आधी ओळख

१९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी कुंपण घातलेल्या मोकळ्या शेतात पिल्ले माणसाच्या सहवासाविना वाढवली. काहींना दुसऱ्या ते नवव्या आठवड्यांदरम्यान माणसांची सवय लावली. जी पिल्ले चौदा आठवड्यांपर्यंत माणसाला भेटलीच नाहीत, ती रानटीच राहिली. बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी याच कामाचा विस्तार केला. त्यांच्या १९६५ च्या ग्रंथापासून साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा समाजीकरणाचा निर्णायक काळ मानला जातो. मेंढपाळांचे कुत्रे याच काळात कळपात ठेवले की मेंढरांना आपले मानतात, हे रेमंड कॉपिंजर यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेरीस सुरू केलेल्या राखण-कुत्र्यांच्या प्रकल्पातून दिसले.

अडचण इथेच सुरू होते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून जागतिक पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिल्लांच्या लसमालिकेतला शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर पडावा. तोवर समाजीकरणाचा काळ उलटून गेलेला असतो. शिवाय आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. हा नियम योग्यच आहे, पण त्यामुळे नव्या घराच्या हाती जेमतेम महिना उरतो.

एका बाजूला पार्व्होच्या भीतीने पिल्लू चार महिने दाराआड ठेवा म्हणणारे आहेत. त्यांची भीती पोकळ नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि आपल्या रस्त्यांवर लस न झालेल्या कुत्र्यांची वस्ती मोठी आहे. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेची २००८ ची भूमिका आहे. पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी, सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लांचे वर्ग सुरू करावेत, कारण वर्तनातले बिघाड हा तरुण कुत्र्यांच्या जिवाला संसर्गाहून मोठा धोका आहे, असे ती मांडते. अमेरिकेतल्या चार शहरांतल्या पाहणीत किमान एक लस झालेल्या आणि वर्गात जाणाऱ्या पिल्लांना पार्व्होचा जादा धोका आढळला नाही. पण तिथल्या स्वच्छ वर्गखोल्या आणि आपल्या कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग यांत अंतर आहे.

व्यवहारात अनेक भारतीय डॉक्टर आणि शिक्षक आता तिसरी वाट सुचवतात. पिल्लाला जमिनीवर न ठेवता जग दाखवायचे. कडेवर घेऊन भाजी मंडईच्या कडेला दहा मिनिटे उभे राहायचे, मोटारीत बसून शाळा सुटताना पाहायचे, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांच्या घरी न्यायचे, घरी हेल्मेट घातलेला, छत्री उघडलेला, काठी टेकत येणारा असे वेगवेगळे पाहुणे बोलवायचे. थोराड पिल्लाला ही वाट जास्तच निकडीची. दहा आठवड्यांचा डेन उचलता येतो, सोळा आठवड्यांचा येत नाही. आणि घाबरट पॉमेरेनियनने भुंकून भागते, पण सत्तर किलोंच्या घाबरट कुत्र्याचे एक झटकणे पट्टा धरणाऱ्याला खाली पाडते.

वळण लावण्याच्या दोन धारणा

सर्वांत जास्त ताणलेला वाद शिकवणीच्या पद्धतीचा. जुनी परंपरा शिस्तीची आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावर लिहिलेले पुस्तक आणि १९६० च्या दशकातली विल्यम कोलर यांची पद्धत, दोन्हींचा भर झटका आणि शिक्षेवर होता. तिला लांडग्यांच्या अभ्यासाचा आधार मिळाला. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांतली वर्चस्वाची स्पर्धा वर्णिली, डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ती कल्पना घरोघरी नेली. कुत्रा घराचा पुढारी होऊ पाहतो, म्हणून मालकाने त्याला उलथे पाडून आपले वर्चस्व दाखवावे, हा सल्ला तिथून निघाला. पुढे मेक यांनीच १९९९ मध्ये मोकळ्या रानातले कळप म्हणजे आई-बाप आणि पिल्ले असे कुटुंब असते, असे लिहून आपले मत दुरुस्त केले. उलथे पाडण्याचा सल्ला १९७८ मध्ये लोकप्रिय करणाऱ्या न्यू स्कीटच्या मठवासींनीही २००२ च्या आवृत्तीत त्यापासून परावृत्त केले.

दुसरी धारणा बक्षिसाची. इयन डनबर यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात लहान पिल्लांचे पट्ट्याविना वर्ग सुरू केले. कॅरन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने डॉल्फिनांच्या शिकवणीतली तत्त्वे घरगुती प्राण्यांपर्यंत आणली. संशोधनाचा कल आज या बाजूला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या २००९ च्या पाहणीत कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली तेव्हा ४३ टक्के मालकांना उलट आक्रमकता दिसली, उलथे पाडले तेव्हा ३१ टक्क्यांना. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत तणावाची लक्षणे आणि कॉर्टिसॉल जास्त आढळले.

तरीही दुसरी बाजू ऐकून घ्यायला हवी. 'संतुलित' म्हणवणारे शिक्षक विचारतात, समोर मांजर पळाल्यावर ऐंशी किलोंचा मास्टिफ बिस्किटाला विचारतो का? चुकीच्या क्षणाची किंमत इतकी मोठी असताना वेळेवर दिलेला एक अचूक नकार त्याचा आणि इतरांचा जीव वाचवतो, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये ॲरिझोनातल्या जॉन्सन आणि विन यांच्या १९ कुत्र्यांवरच्या अभ्यासात पळत्या वस्तूचा पाठलाग थांबवण्यात विजेचा पट्टा खाद्य-बक्षिसांहून परिणामकारक ठरला. बक्षीस-पद्धत तिथे पुरेशी नीट राबवली नव्हती, असा आक्षेप त्यावर लगेच आला. वेल्समध्ये मात्र असे पट्टे २०१० पासून कायद्याने बंद आहेत. शिवाय मालकांच्या पाहण्यांतून कार्यकारण ठरवणे अवघड असते. कठोर पद्धतीने कुत्रा आक्रमक झाला, की आधीच अवघड असलेल्या कुत्र्यांचे मालक कठोर पद्धतीकडे वळले, हे त्या सांगू शकत नाहीत.

माझा कल स्पष्टपणे बक्षिसाकडे आहे आणि त्याचे कारण आकारातच आहे. बळाचा मार्ग थोराड कुत्र्यावर फार तर पाच-सहा महिने चालतो. त्यानंतर बळ त्याच्याकडे जास्त असते. तो जे करील ते स्वतःहून करायला शिकलेला असावा लागतो. म्हणूनच दहा आठवड्यांच्या पिल्लाबरोबर लिफ्टच्या दाराशी घालवलेली मिनिटे मोलाची. दार उघडते, आतून शेजारच्या आजी बाहेर येतात. पिल्लू पुढे झेपावायच्या आत मालक एक पाऊल मागे घेतो, पट्टा ढिला ठेवतो, पिल्लू वळून वर बघते, त्या क्षणी 'शाब्बास' आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. चारही पाय जमिनीवर असतील तरच आजींचा हात डोक्यावर फिरतो. अंगावर उडी घेतली की सगळे शांतपणे पाठ फिरवतात. आता गोड वाटणारी उडी वर्षभराने आजींचा खुबा मोडू शकते, हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, समजावून सांगावे लागते. एकाने मुभा दिली की शिकवणी वाया.

या वयात आणखी काही गोष्टी शिकवून ठेवाव्यात, त्यावर सगळ्या पद्धतींचे जाणकार सहमत होतील : पंजा हातात देणे, नखे कापू देणे, तोंड उघडू देणे, मुसके आनंदाने चढवून घेणे, फळीवरून चालत गाडीत चढणे, आपल्या मॅटवर जाऊन पडून राहणे. सत्तर किलोंच्या कुत्र्याला दवाखान्यात चौघांनी दाबून धरण्याची वेळ टळते ती इथे.

निर्बीजीकरण आणि पोटाचा पीळ

आपल्याकडे निर्बीजीकरण सहाव्या महिन्याच्या आसपास करण्याची पद्धत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ पासून दाखवले, की काही मोठ्या जातींत लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने सांध्यांचे विकार वाढतात, कारण जननग्रंथींची संप्रेरके हाडांची वाढ थांबवण्यात भाग घेतात. २०२० मध्ये त्यांनी ३५ जातींचा आढावा घेतला आणि त्यात ग्रेट डेन व आयरिश वुल्फहाउंड यांच्यात मात्र अशी वाढ आढळली नाही. तरीही उशिरा पक्व होणारी हाडे पाहून या जातींत वर्ष उलटल्यावरच शस्त्रक्रिया करावी, असे त्यांनी सुचवले. लवकर शस्त्रक्रियेच्या बाजूने नको असलेली पिल्लावळ आणि माद्यांमधला गर्भाशयाचा पू हे मुद्दे आजही वजनदार आहेत.

पोट फुगून पीळ पडणे हा या जातींचा सर्वांत भयंकर आजार. काही तासांत जीव जातो. पर्ड्यू विद्यापीठातल्या ग्लिकमन यांच्या गटाच्या अंदाजाने ग्रेट डेनमध्ये त्याचा जन्मभराचा धोका एक तृतीयांशाहून अधिक. त्याच गटाने २००० मध्ये उंचावर ठेवलेल्या भांड्याचा या आजाराशी संबंध दाखवला, तर नंतरच्या काही अभ्यासांना तो सापडला नाही. उंच स्टँड पिल्लाच्या सामानात सर्रास विकले जाते, म्हणून हा तपशील ध्यानात असावा. निर्बीजीकरणाच्या वेळीच पोट आतून टाके घालून जागी बांधण्याची शस्त्रक्रिया मृत्यू पुष्कळ टाळते, यावर मात्र एकमत आहे. फुगलेले पोट, लाळ आणि उलटीचे नुसतेच उमाळे ही लक्षणे घरातल्या सगळ्यांना पाठ असावीत आणि रात्री उघडा असलेला दवाखाना कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

सोसायटी, सरकार आणि ऊन

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या विक्री आणि पैदाशीवर बंदी सुचवली. त्यात मास्टिफ, कांगाल, कॉकेशियन शेफर्ड होते, ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड नव्हते. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द ठरवले. बंदीच्या समर्थकांना चाव्यांच्या गंभीर घटना अस्वस्थ करतात, आणि मोठ्या जबड्याची जखम मोठी हे नाकारता येत नाही. विरोधक २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाकडे बोट दाखवतात. त्यानुसार एकेका कुत्र्याच्या वर्तनातल्या फरकांपैकी सुमारे नऊ टक्केच जातीने उलगडतात. सोसायट्यांच्या पातळीवर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की आकार किंवा जात पाहून कुत्रा पाळण्यास मनाई करता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस या मालकाच्या जबाबदाऱ्या आहेतच.

उन्हाचा प्रश्न कायद्याहून कठीण आहे. मोठे शरीर उष्णता हळू सोडते. ब्रिटनमधल्या २०२० च्या अभ्यासात ५० किलोंवरच्या कुत्र्यांना उष्माघाताचा धोका १० किलोंखालच्यांच्या तिपटीहून अधिक आढळला, तोही ब्रिटनच्या हवेत. विदर्भाच्या मे महिन्यात दाट केसांचा सेंट बर्नार्ड पाळावा का, या प्रश्नावर पशुप्रेमींतच दोन तट आहेत. वातानुकूलित खोली आणि पहाटेचे फिरणे पुरेसे आहे, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. वर्षातले चार महिने ज्याला दिवसा बाहेर पडता येत नाही, त्याची हालचाल आणि जगाशी ओळख दोन्ही खुंटतात. आखूड केसांच्या ग्रेट डेनचे तुलनेने बरे निभते.

अजून न सुटलेले

मोकळ्या कुत्र्यांच्या वस्तीत थोराड पिल्लाची ओळखपाळख कशी घडवावी, हा प्रश्न पाश्चात्त्य अभ्यासांत येतच नाही. तिथे कुत्रे पट्ट्यात भेटतात. इथे गल्लीतले चौघे एकदम अंगावर येतात आणि सहा महिन्यांच्या डेनला त्याच्या आकारावरून पूर्ण वाढलेला समजून वागवतात. शिक्षकांपैकी काही जण वस्तीतल्या कुत्र्यांशी दुरून, रोज त्याच वेळी, त्याच वाटेने ओळख करून देतात, काही जण तो रस्ताच टाळायला सांगतात. दोन्हींचे निकाल कुणी पद्धतशीर टिपून ठेवायला हवेत.

तसेच आहाराचे. कॉर्नेल आणि उट्रेख्तच्या प्रयोगांतली पिल्ले मोजून-मापून बनवलेल्या खाद्यावर होती. आपल्याकडची असंख्य पिल्ले सकाळी तयार खाद्य, दुपारी चिकन-भात आणि रात्री उरलेली पोळी अशा मिश्रणावर वाढतात. त्यात कॅल्शियम एका दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी कमी पडते. या हेलकाव्याचा हाडांवर काय परिणाम होतो, यावर उत्तर द्यायला मुंबईतल्या परळसारख्या आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांइतकी योग्य जागा नाही. रोज येणाऱ्या पिल्लांची वजने, घरच्या वाटीतला तपशील आणि पुढच्या पायांचे एक्स-रे एकत्र लिहून ठेवायला तिथे सुरुवात होऊ शकते.